गावरस्त्याची राखण : खारबांधाच्या जोळपद्धतीचा धडा

रायगड जिल्ह्याच्या किनारपट्टीतील शेतीचा विचार करताना बियाणे, खत व पाणी यांच्या बरोबरीने गावच्या रस्त्याचाही विचार करणे अगत्याचे आहे. पेणच्या खारपाटातील भात, अलिबागचा पांढरा कांदा, मुरूड व श्रीवर्धन भागातील नारळ, सुपारी व आंबा आणि बंदराबंदरांवर उतरणारी मासळी हे सर्व उत्पन्न गावाबाहेर जाते तेव्हाच त्याचे पैसे होतात. गावापासून डांबरी सडकेपर्यंतचा किलोमीटर-दोन किलोमीटरचा तुकडा खचला म्हणजे व्यापाऱ्याचा टेम्पो सडकेवरच थांबतो, माल डोक्यावरून वाहून न्यावा लागतो आणि उशिरा पोहोचलेल्या मालास भाव मिळत नाही. आजारी माणसास अथवा बाळंतिणीस रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावयाचे झाल्यास होणारे नुकसान तर पैशात मोजताच येत नाही.

हा तुकडा दरवर्षी का बिघडतो, गावकऱ्यांच्या श्रमाने त्याची राखण कितपत होऊ शकते आणि ते श्रम कोणी, कोणत्या नियमाने द्यावेत, असे तीन प्रश्न येथे उपस्थित होतात. त्यांची उत्तरे शोधण्यासाठी या किनाऱ्यावरील शेतकऱ्यांना दूर जावयास नको. खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून शेती राखणाऱ्या बांधांची देखभाल त्यांच्या वाडवडिलांनी ज्या रीतीने केली, त्या रीतीतच बरेचसे उत्तर आहे.

रस्ता कशाने बिघडतो

चाकांमुळे रस्ता फुटतो अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. कोरड्या व घट्ट रस्त्यावरून भरलेली गाडी गेली तरी फारसे बिघडत नाही. पाणी मुरून मऊ झालेला रस्ता मात्र बैलगाडीच्या चाकानेही चिरडला जातो. म्हणून रस्त्याचा खरा शत्रू साचलेले व मुरलेले पाणी हा होय.

या किनाऱ्यावर वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस होणे येथे नवलाचे नाही. ३ मीटर रुंद व १ किलोमीटर लांब रस्त्यावर अशा एका दिवसात ३०० घनमीटर, म्हणजे ३ लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरचे तीस टँकर एका दिवसात रस्त्यावर ओतावेत असा हा हिशेब आहे. डोंगरउतारावरून अगर शेजारच्या खाचरांतून येणारे पाणी त्यात धरलेले नाही. या पाण्याला बाजूस जाण्याची वाट ठेवली नाही, तर ते रस्त्यालाच आपली वाट करते.

जमिनीप्रमाणे बिघाडाचे स्वरूप बदलते. खाडीकाठच्या खारपाटातील चिकण माती ओली झाली की फुगते व वाळली की भेगाळते. तिच्यावरील रस्ता खचतो. दक्षिणेकडील म्हसळा व श्रीवर्धन भागांत जांभ्याची तांबडी माती व चढउताराच्या वाटा आहेत. तेथे पाण्याच्या लोटाने माती वाहून जाऊन रस्त्यात चर पडतात. दोन्हीकडे उपाय एकच आहे : पाणी रस्त्यावर थांबू न देणे. आणि हा उपाय एकदा करून भागत नाही. गटार दर पावसाळ्यात गाळाने भरते, म्हणून ते दर वर्षी उपसावे लागते. जे काम दर वर्षी व थोडे थोडे करावयाचे आहे, ते गावात राहणाऱ्या माणसांच्याच हातून उत्तम होते.

खारबांध आणि जोळ

धरमतर, रेवदंडा, राजपुरी व बाणकोट या खाड्यांच्या काठी भरतीचे पाणी बांधाने अडवून पिकाखाली आणलेली बरीच जमीन आहे. बाहेरच्या मुख्य बांधास बाहेरकाठा म्हणतात. शेतात साचलेले पावसाचे पाणी ओहोटीच्या वेळी खाडीत जावे व भरतीचे पाणी आत येऊ नये, यासाठी बांधात उघाडी ठेवलेली असते. बांधाला पडलेली खांड लहान असतानाच बुजवली नाही, तर उधाणाच्या भरतीत ती रुंदावत जाते, खारे पाणी दूरवर पसरते आणि एकाच्या हयगयीने सर्वांचे पीक बुडते. पाणी ओसरल्यानंतरही जमिनीतील क्षार धुऊन निघण्यास काही पावसाळे जावे लागतात.

अशा बांधाची राखण कोणी करावयाची, याची व्यवस्था पूर्वीपासून होती. पेण भागातील शिलोत्री जमिनींत बाहेरचा बांध शिलोत्रदार राखीत व त्याबद्दल शेतकऱ्याकडून बिघ्यामागे मणभर धान्य घेत. याखेरीज शेतकऱ्यांनी स्वतः एकत्र येऊन बांधावर काम करण्याचीही रूढी होती. अलिबाग व पेण तालुक्यांच्या खारपट्ट्यात तिला जोळ म्हणतात. बांधाआड ज्यांची जमीन, त्यांनी मिळून बांध राखावयाचा, हे तिचे मूळ सूत्र होय.

या पद्धतीत तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली म्हणजे, फायदा ज्याचा त्याच्यावर श्रमाची जबाबदारी होती. दुसरी, कामाची वेळ निसर्गानेच ठरवून दिली होती. उधाण व पाऊस कोणासाठी थांबत नसल्याने काम त्याआधी उरकणे भाग होते. तिसरी, बिघाड लहान असतानाच हात लावणे हा नियम होता, कारण एका घमेल्याने बुजणारी गळती दुसऱ्या दिवशी शंभर घमेल्यांनीही बुजत नाही. या तिन्ही गोष्टी गावरस्त्यास जशाच्या तशा लागू पडतात. शिवाय खारपाटात बांधाचा माथा हीच अनेकांची शेतावर जाण्याची वाट असते. तेथे बांध राखणे आणि वाट राखणे ही दोन कामे वेगळी राहतच नाहीत.

१९४८ च्या मुंबई खारजमीन कायद्याने आणि पुढे १९७९ च्या महाराष्ट्र खारजमीन विकास कायद्याने बांधांच्या कामात शासनाने लक्ष घातले. यामुळे एकट्या गावाच्या आवाक्याबाहेरची दगडी व काँक्रीटची कामे होऊ शकली. परंतु त्याबरोबर एक तोटाही झाला. बांध आता शासनाचा, अशी भावना वाढली आणि नित्याची देखरेख मागे पडली. मंजुरीची वाट पाहत असताना खांड रुंदावत जाते, हा अनुभव खारपट्ट्यातील शेतकऱ्यांस परिचित आहे. रस्त्याच्या बाबतीतही हेच घडते. मोठे काम शासनाचे व नित्याची राखण गावाची, ही वाटणी स्पष्ट नसली म्हणजे कोणतेच काम वेळेवर होत नाही.

श्रमदान व वेठ यांतील फरक

गावाच्या श्रमाने रस्ता करण्याची गोष्ट निघाली की काही वडीलधाऱ्या माणसांच्या कपाळावर आठी पडते. त्याचे कारण इतिहासात आहे. कोकणातील खोती गावांत खोत कुळांकडून विनामोबदला राबवून घेत. गावगाड्यात वतनाच्या नावाखाली महार समाजाकडून सरकारी व गावकीची कामे करून घेतली जात. या अन्यायाविरुद्ध मोठे लढे झाले. अलिबाग तालुक्यातील चरी येथील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ या काळात संप केला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४९ च्या कायद्याने खोती संपली आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली.

भारतीय संविधानाच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीस मनाई केली आहे. सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लावण्याचा अधिकार त्याच अनुच्छेदात राज्यास दिलेला असला, तरी तशी सेवा लावताना धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेद करता येत नाही. गावकीला तर असा सक्तीचा अधिकार मुळीच नाही. गावाने श्रमदान योजताना हे सूत्र सदैव समोर ठेवले पाहिजे. दुर्बलांनी राबावयाचे व सबळांनी रस्ता वापरावयाचा, असे जेथे होते तेथे श्रमदान हे वेठीचेच दुसरे नाव ठरते.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा लोकांच्या श्रमदानाने देशभर कच्चे रस्ते तयार करण्यात आले. उत्साह मोठा होता. परंतु कार्यक्रमाच्या मूल्यमापनात देखभालीचा प्रश्न पुढे आलाच. रस्ता करण्याचा दिवस समारंभाने साजरा झाला, पण तो राखण्याचा दिवस कोणी ठरविला नाही.

सक्तीने हे काम साधत नाही, हे इतर देशांच्या अनुभवावरूनही दिसते. इंग्लंडमध्ये १५५५ च्या कायद्याने प्रत्येक गावकऱ्यावर रस्तेदुरुस्तीसाठी वर्षातून चार दिवसांचे श्रम बसविले होते. पुढे ते सहा दिवस झाले. लोक नाखुशीने येत व दिवस भरून जात. अखेर १८३५ मध्ये ती सक्ती रद्द होऊन पैशाच्या रूपाने पट्टी घेण्याचे ठरले. याउलट केनियात १९७४ मध्ये सुरू झालेल्या ग्रामीण रस्ते कार्यक्रमात स्थानिक मजुरांस मजुरी देऊन रस्ते करण्यात आले आणि नंतर एक-दोन किलोमीटरचा तुकडा रस्त्यालगत राहणाऱ्या एकेका माणसाकडे वेतनावर राखणीस देण्यात आला. आपल्याकडील सडकांवरील मैलकुलीची जुनी व्यवस्था याच तत्त्वाची होती.

श्रमाची न्याय्य वाटणी

वरील अनुभव लक्षात घेता गावाने पुढीलप्रमाणे व्यवस्था करणे हितावह ठरेल.

रस्त्याचे तुकडे पाडून कोणत्या वाडीने कोणता तुकडा राखावयाचा, हे ग्रामसभेत ठरवावे. वाटणी केवळ घरटी एक माणूस अशी सरसकट करू नये. ज्याची जमीन व बाग मोठी, ज्याची वाहने रस्त्यावरून अधिक जातात, त्याचा वाटाही अधिक असावा. तो त्याने ट्रॅक्टर, टेम्पो, मुरूम अगर मजुरीचा खर्च या रूपाने दिला तरी चालेल. नोकरीसाठी मुंबईस असणाऱ्यांनी बदली माणसाची मजुरी पाठवावी.

ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर आहे, त्याचा एक दिवस मागणे म्हणजे त्याच्या घरची त्या दिवसाची चूल मागणे होय. म्हणून भूमिहीन मजुरास मजुरी दिल्याखेरीज राबवू नये. यासाठी शासनाच्या रोजगार हमीच्या कामांचा लाभ घेता येतो. मजुरीवरील कामाचा हक्क कायद्याने देण्यात महाराष्ट्राने पुढाकार घेतला. १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याने ते तत्त्व देशभर नेले. रस्त्याचे कोणते काम श्रमदानाने व कोणते मजुरीवर करावयाचे, हे ग्रामसभेने आधीच ठरवून मागणी वेळेवर नोंदवावी.

अनेक कातकरी व ठाकूर वाड्यांना आजही पावसाळ्यात धड वाट नसते. त्या वाड्यांतील माणसे गावच्या रस्त्यावर राबतात, तर त्यांच्या वाडीची वाटही गावाच्या यादीत आली पाहिजे. वाट वनजमिनीतून जात असेल, तर २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३ (२) प्रमाणे ग्रामसभेच्या शिफारशीने रस्त्यासाठी एक हेक्टरपेक्षा कमी जमीन मिळविता येते. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानातही कातकऱ्यांसारख्या अतिदुर्बल आदिवासी समाजांच्या वस्त्यांपर्यंत रस्ते नेण्याची तरतूद करण्यात आली.

स्त्रियांच्या कामाचा दिवस पुरुषाच्या दिवसाइतकाच धरावा. पाणी, भाजी व मासळीच्या पाट्या घेऊन याच वाटेने त्यांची ये-जा असते, तेव्हा कोठे पाय घसरतो हे त्यांना नेमके ठाऊक असते. तुकडे ठरविताना त्यांचे मत अवश्य घ्यावे. वृद्ध, आजारी व निराधार यांना कामातून सूट असावी.

कामास न येणाऱ्यास गावकीने दंड करणे अगर वाळीत टाकणे सर्वथा वर्ज्य होय. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ मध्ये स्वतंत्र कायदा केला असून असा बहिष्कार हा गुन्हा आहे. रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी पूर्वी मोठ्या प्रमाणावर आल्या होत्या, हे विसरता कामा नये. समज देण्याचा उत्तम मार्ग म्हणजे उघडा हिशेब. कोणी किती दिवस दिले, किती मुरूम पडला, किती खर्च झाला, हे एका वहीत लिहून ग्रामसभेत वाचून दाखवावे. हिशेब उघड असला म्हणजे सबळालाही टाळाटाळ करणे अवघड जाते.

कामाची रीत

प्रथम गटार, मग खड्डा, हा क्रम कधीही बदलू नये. पाणी तसेच ठेवून खड्डे भरणे म्हणजे मुरूम वाया घालविणे होय.

रस्त्याच्या मध्यभागाची उंची कडेपेक्षा अधिक असावी. मुरमाच्या रस्त्यास प्रत्येक मीटर रुंदीस ४ ते ५ सेंटिमीटर उतार पुरतो. म्हणजे ३ मीटर रुंदीच्या रस्त्याचा मध्य कडेपेक्षा ६ ते ७.५ सेंटिमीटर उंच हवा. दोन्ही कडांना खुंट्या ठोकून आडवी दोरी समपातळीत ताणली, तर हा उतार सहज तपासता येतो.

गटाराचा तळ रस्त्याच्या पातळीहून पुरेसा खोल असावा व त्यास सलग उतार असावा. मधोमध उंचवटा राहिल्यास तेथे पाणी तुंबते. चढाच्या रस्त्यावर गटारातील पाणी ठिकठिकाणी फोडून बाजूच्या नाल्यात अगर रानात सोडावे. लांबवर एकाच गटारात वाहू दिल्यास त्याचा जोर वाढून ते रस्त्याची कड कापते. मात्र पाणी सोडताना ते शेजाऱ्याच्या खाचरात घुसणार नाही, हे पाहावे. पुष्कळ रस्त्यांची कामे अशा भांडणांमुळेच अडून राहतात.

मोऱ्यांच्या दोन्ही तोंडांचा गाळ, पालापाचोळा व प्लास्टिक काढावे. साकवाचे कठडे, फळ्या व दोन्ही टोकांची भर तपासावी. साकवाचा खांब हलत असेल अथवा काँक्रीटला तडा गेला असेल, तर गावाने स्वतः डागडुजी न करता वाहतूक थांबवून पंचायत समितीस लेखी कळवावे.

खड्ड्यातील पाणी व चिखल पूर्णपणे काढून त्याच्या कडा उभ्या व चौकोनी कापाव्यात. नंतर मुरूम सुमारे १० सेंटिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थर धुमसाने ठोकावा. मुरूम किंचित ओलसर असावा. मुठीत दाबला असता गोळा व्हावा, पण पाणी गळू नये. शेवटचा थर रस्त्याहून थोडा उंच ठेवावा, कारण वाहतुकीने तो दबतो. डांबरी रस्त्यावरील खड्ड्यात माती टाकू नये. ती पहिल्याच सरीत चिखल होऊन घसरण वाढवते. मुरूम काढण्यापूर्वी तहसील कार्यालयाची परवानगी घ्यावी.

खारबांधावरील वाटेस आणखी काळजी हवी. जड वाहने बांधावर नेऊ नयेत. खेकडे व उंदीर यांची बिळे दिसताच ठोकून बुजवावीत, कारण गळती पुष्कळदा तेथूनच सुरू होते. बांधासमोरील तिवरे तोडू नयेत. लाटांचा मारा ती स्वतःवर घेतात. शिवाय मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीस मनाई केलेली आहे.

वर्षाचे वेळापत्रक

शिमगा झाल्यावर राबाची भाजणी होते व मृगाआधी नांगरणीची घाई सुरू होते. या दोहोंमधील काळ रस्त्याच्या मुख्य कामास योग्य. एप्रिलमध्ये पाहणी, मेच्या मध्यापर्यंत मुरूम व ठोकणी, आणि मेअखेर गटारे व मोऱ्यांची सफाई, असा क्रम ठेवावा. या दिवसांत चाकरमानी गावी आलेले असतात, त्यांचाही हातभार मिळतो. कोळीवाड्यातील मंडळींची सवड निराळी असते. १ जूनपासून मासेमारी बंद होते व होड्या वर ओढल्या जातात. म्हणून पावसाळ्यातील देखरेखीचा वाटा त्यांच्याशी विचार करून ठरवावा.

पहिल्या मोठ्या पावसात दोन-तीन माणसांनी इरली व फावडी घेऊन रस्त्यावरून एक फेरी मारावी. पाणी कोठे तुंबते, हे त्या एका फेरीत जितके कळते तितके उन्हाळ्याच्या दहा बैठकांत कळत नाही. भाताची लावणी आटोपल्यावर, गणपतीपूर्वी दुसरी सफाई करावी. दिवाळीनंतर, भातकापणी उरकल्यावर, झालेल्या बिघाडाची नोंद करून मोठ्या कामांची मागणी ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालावी.

अशी नेमलेली मंडळी आपत्तीतही उपयोगी पडते. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले, तेव्हा माडापोफळींनी व विजेच्या खांबांनी गावोगावचे रस्ते अडले होते आणि अनेक ठिकाणी गावकऱ्यांनी कोयते-करवती घेऊन वाट मोकळी केली. अशा वेळी वीज बंद असल्याची खात्री करून घेतल्याखेरीज पडलेल्या तारेस कोणीही हात लावू नये.

शासनाचा वाटा

गावाच्या श्रमास मर्यादा आहे. पूल, मोठ्या मोऱ्या, घाटातील धारेच्या भिंती व डांबरीकरण ही कामे जिल्हा परिषद व बांधकाम विभाग यांचीच आहेत. २००० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेने तसेच २०२१ मध्ये राज्याने आखलेल्या मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेने हे तत्त्व मान्य केले आहे. शेताची वाट कोणी अडविली असेल, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली, आणि बांधावरून नवी वाट हवी असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. गाव श्रम देते म्हणून शासनाची जबाबदारी कमी होत नाही. उलट, ज्या गावाकडे रस्त्याच्या राखणीची वही आहे, त्या गावाची मागणी अधिक वजनदार ठरते, कारण काय केले आणि काय गावाच्या आवाक्याबाहेर आहे, हे ते पुराव्यानिशी दाखवू शकते.

खारबांधावर काम करणाऱ्या पिढ्यांना हे पक्के ठाऊक होते की, बांध बांधला त्या दिवशी काम संपत नाही, तर सुरू होते. गावरस्त्याचेही तसेच आहे. प्रत्येक गावाने येत्या ग्रामसभेत आपल्या रस्त्याची लांबी मोजावी, तुकडे पाडावेत, वही घालावी आणि पहिले गटार मृगाच्या आत उपसावे.